‘मेडलची गॅरंटी, फक्त ५ जागा शिल्लक’ : गल्लीतला कराटे क्लास विद्यार्थी कसे मिळवतो आणि कुठे फसतो?

एप्रिल आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराविक पोस्टर फिरायला लागतात. पांढऱ्या ड्रेसमधली मुलं, हवेत किक, गळ्यात मेडल आणि खाली लाल अक्षरात मजकूर. ‘पहिला महिना फ्री’, ‘फक्त ५ जागा शिल्लक’, ‘ऑलिम्पिकची तयारी’, ‘सर्टिफिकेटवर सरकारी नोकरीत आरक्षण’.

पोस्टर बघून आपण हसतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण या पोस्टरच्या मागे एक माणूस असतो. एखादे सर किंवा मॅडम, भाड्याचा हॉल, चार मॅट, दोन किकपॅड आणि जूनमध्ये मुलं आली नाहीत तर भाडं कुठून भरायचं हे टेन्शन. दुसऱ्या बाजूला पालक आहेत. त्यांना यातलं खरं काय आणि थाप कुठली, हे ओळखायचं असतं.

म्हणूनच आज विषय हाच. छोटा मार्शल आर्ट क्लास विद्यार्थी कसे मिळवतो, त्यातलं काय कायद्यात बसतं, काय बसत नाही आणि शेवटी टिकतो कोण?

आधी गणित समजून घेऊ

समजा एका क्लासमध्ये ४० मुलं आहेत आणि महिन्याची फी १ हजार रुपये. जमा झाले ४० हजार. त्यातून हॉलचं भाडं, असिस्टंटचा पगार, लाईटबिल गेलं की सरांच्या हातात जे उरतं त्यात घर चालवायचं. मग बेल्ट परीक्षेची फी, ड्रेस, स्पर्धेची एन्ट्री अशा गोष्टींतून थोडी भर पडते.

आता याच क्लासमधून महिन्याला ४ मुलं सोडून गेली, तर वर्षात ४८ मुलं गेली. म्हणजे ४० चा आकडा टिकवायलाच ४८ नवी ॲडमिशन हवीत! आणि गळती ४ वरून २ वर आली तर? वर्षाला २४ ॲडमिशन वाचल्या, तेही जाहिरातीवर एक रुपया जास्त न घालता.

बहुतेक क्लासचा घोळ इथेच होतो. सगळा जोर नव्या मुलाला आणण्यावर असतो. आलेला मुलगा यलो बेल्टनंतर का कंटाळला, दहावीच्या वर्षात का सुटला, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. मग पुन्हा नवं पोस्टर, आणि यावेळी दावा आणखी मोठा.

वरसाव्यात ३ किलोमीटरचा गोल चालत नाही

जाहिरातीत जागेचा हिशोब किती महत्त्वाचा असतो, हे बघायचं असेल तर मीरा-भाईंदरमधलं वरसावे हे भारी उदाहरण आहे.

ठाण्याकडून येणारा घोडबंदर रोड आणि मुंबई-अहमदाबाद हायवे जिथे भेटतात, ते हे ठिकाण. अनेकांना ‘फाउंटन’ म्हटलं की लगेच कळतं. एका बाजूला वसईची खाडी, मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, समोर कंटेनरची रांग. २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल सुरू झाला, तरी इथल्या ट्रॅफिकच्या बातम्या काही संपलेल्या नाहीत.

आता एखाद्या सरांनी इथे क्लास काढला आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना नकाशावर पिन ठेवून ३ किलोमीटरचा गोल मारला, तर त्या गोलात काय काय येतं? खाडीचं पाणी, खारफुटी, जंगल आणि पुलापलीकडचा वसई तालुका, म्हणजे थेट पालघर जिल्हा. नकाशावर तो भाग शेजारी दिसतो. पण संध्याकाळी ६ वाजता ८ वर्षांच्या पोराला हायवे ओलांडून क्लासला कोण आणणार?

म्हणजे छोट्या क्लासचं खरं मार्केट कसं मोजायचं? आजी-आजोबा पोराला हाताला धरून, हायवे न ओलांडता जिथून आणू शकतात तेवढंच. वरसाव्याच्या क्लाससाठी तो भाग म्हणजे गाव, हायवेच्या त्याच बाजूच्या इमारती आणि रस्ता सोयीचा असेल तर काशिमिऱ्याकडचा पट्टा. इतक्या लहान भागात हजारो लाईक काही कामाचे नाहीत. चार सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि दोन शाळांचे पीटी शिक्षक ओळखीचे असणं जास्त कामाचं.

त्यात नावाचा गोंधळ वेगळाच. वरसाव्याच्या पुलाला सरकारी कागदांत आणि बातम्यांत सर्रास ‘वर्सोवा पूल’ म्हणतात. आणि वर्सोवा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर अंधेरीचा समुद्रकिनारा येतो. क्लासच्या नावापुढे नुसतं ‘वर्सोवा’ लिहिलं तर चौकशीचे फोन अंधेरीहून येणार.

गुगल मॅपवर धंद्याची नोंद फुकट करता येते. तिथे कोण वर दिसणार हे ठरवताना शोधाशी जुळणारी माहिती, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी बघतो, असं गुगल स्वतःच सांगतं. म्हणून पत्त्यात वरसावे, घोडबंदर रोड, काशिमिरा हे सगळं स्पष्ट हवं, पिन बरोबर दारावर हवी आणि क्लासच्या वेळा अपडेट हव्यात. खर्च शून्य.

आणि बॅनर? फाउंटनच्या सिग्नलला खांबावर फ्लेक्स बांधायचा मोह होतो, पण परवानगीशिवाय तो लावता येत नाही. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग पडून १७ जणांचा जीव गेला, त्यानंतर तर हा विषय आणखी गंभीर झालाय.

ऑलिम्पिक, आरक्षण, ग्रेस मार्क : खरं किती?

पोस्टरवरचा सगळ्यात मोठा दावा असतो ऑलिम्पिकचा. कराटे ऑलिम्पिकमध्ये आलं ते टोकियोला, म्हणजे २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धेत. २०२४ च्या पॅरिसमध्ये ते नव्हतं. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांना जागा मिळाली, कराटेला नाही. कराटे एशियन गेम्समध्ये आहे. ज्युदो आणि तायक्वांदो ऑलिम्पिकमध्ये आहेत. त्यामुळे आज कुणी कराटेच्या पोस्टरवर ‘ऑलिम्पिकची तयारी’ लिहीत असेल तर विचारा, नेमकं कुठलं ऑलिम्पिक?

दुसरा दावा नोकरीचा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात, हेही खरं. पण त्यासाठी खेळ आणि स्पर्धा दोन्ही सरकारच्या नियमात बसावी लागतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. हॉल भाड्याने घेऊन भरवलेल्या ‘इंटरनॅशनल ओपन चॅम्पियनशिप’चं मेडल चकचकीत असतं, पण तिथे त्याचा उपयोग होईलच असं नाही.

हे प्रकरण किती महागात पडू शकतं, हे राज्याने ट्रॅम्पोलिनच्या बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या घोटाळ्यात बघितलंय. शंका असेल तर सरळ जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारायचं.

कराटेत तर संघटनांचाच घोळ आहे. जून २०२० मध्ये जागतिक कराटे महासंघाने कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता तात्पुरती रद्द केली होती. त्यामुळे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द वाचला की पुढचा प्रश्न विचारायचा : कुणाची मान्यता आणि कधीपासून?

आणि ब्लॅक बेल्ट? बेल्टची पद्धत कराटेत ज्युदोतून आली. बेल्ट ही काही सरकारी परीक्षा नाही. ती ती शैली किंवा संघटना आपापल्या नियमाने बेल्ट देते. म्हणूनच ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ अशी ऑफर देणं शक्य होतं आणि म्हणूनच तिची किंमतही तेवढीच असते.

‘फक्त ५ जागा’ लिहिलं तर काय होतं?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींवर नियमावली आणली. ‘१०० टक्के सिलेक्शन’, ‘नोकरीची गॅरंटी’ असल्या दाव्यांना त्यात चाप आहे. पण कोचिंगच्या व्याख्येतून खेळ, नृत्य, नाटक या गोष्टी वगळल्यात. म्हणजे कराटे क्लासला ती नियमावली लागू नाही.

मग रान मोकळं का? तर नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सगळ्याच सेवांना लागू आहे. जून २०२२ च्या जाहिरात नियमांनुसार, ज्यासाठी या ना त्या मार्गाने पैसे घेणार त्याला ‘फ्री’ म्हणता येत नाही. ‘पहिला महिना फ्री’ म्हणायचं आणि ड्रेस-रजिस्ट्रेशनच्या नावाखाली तीच रक्कम घ्यायची, हे त्यात बसत नाही. लहान मुलांना भुलवतील अशा अवास्तव दाव्यांवरही बंदी आहे. नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ नियमांत खोटी घाई दाखवणं हा प्रकार नाव घेऊन दिलाय. हॉल अर्धा रिकामा असताना ‘फक्त ५ जागा शिल्लक’ लिहिणं म्हणजे तेच.

फसव्या जाहिरातीसाठी कायद्यात १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गल्लीतल्या क्लासवर कारवाई व्हायला दिल्लीहून कुणी येईल असं वाटत नाही, हे मान्य. पण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार कुणीही करू शकतं, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एका पालकाने लिहिलेला ‘फसवलं’ हा मेसेज कुठल्याही नोटिशीपेक्षा लवकर पोचतो.

मुलांचे फोटो कुणाचे?

छोट्या क्लासचं इन्स्टाग्राम बघा. नव्वद टक्के रील मुलांचीच वाटतील. नाव, शाळा, बेल्ट, क्लासची वेळ, सगळं एकाच पोस्टमध्ये. म्हणजे हे मूल मंगळवारी संध्याकाळी कुठे असतं, हे अनोळखी माणसालाही कळतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. पण त्यासाठी थांबायची गरज काय? ॲडमिशन फॉर्मवर एक वेगळा रकाना ठेवायचा : फोटो टाकू का, हो की नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या मुलाला मागच्या रांगेत उभं करायचं नाही, एवढंच. हेच पालकांना सांगितलं तर तीही एक जाहिरातच आहे, आणि चांगली आहे.

भीती विकू नका

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली. त्यानंतर सरकारने शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी असे आदेश काढले. ते आदेश शाळांसाठी होते. खासगी क्लासमध्ये हे सगळं आहे का, हे पालकांनाच विचारावं लागतं.

अशा घटनेनंतर ‘तुमची मुलगी सुरक्षित आहे का?’ अशी पोस्टर येतात. त्यातून चौकशा वाढतही असतील. पण ७ वर्षांच्या मुलीला दोन महिन्यांच्या पंच-ब्लॉकने मोठ्या माणसापासून वाचता येतं, असं भासवणं धोक्याचं आहे. ‘नाही’ म्हणणं, ओरडणं, पळणं आणि घरी सांगणं हे शिकवणारा क्लास जास्त प्रामाणिक. आणि भीतीचं पोस्टर लावण्यापेक्षा सरांनी स्वतःचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्यावं, पालकांना बॅच बघत बसायची मुभा द्यावी, मुलींच्या बॅचला महिला प्रशिक्षक ठेवावी. पालक याच गोष्टी बघून विश्वास ठेवतात.

मग मुलं येणार कुठून?

याचं उत्तर महाराष्ट्राला जुनंच माहिती आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ ची. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन मल्लखांबासारखे आपले खेळ दाखवले. दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून मुलांना घडवतंय. कोल्हापुरात मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं आजही मिरवणुकीत होतात. यात एक गोष्ट समान आहे. लोकांसमोर करून दाखवायचं, बघणाऱ्याला आवडलं की तो स्वतःच पोराला घेऊन येतो.

वरसाव्यातल्या क्लाससाठी याचा अर्थ साधा आहे. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर १० मिनिटं मागायची. सोसायटीत रविवारी खरोखरची फुकट ट्रायल ठेवायची. जवळच्या सरकारी शाळेत विचारायचं, कारण समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि त्यासाठी प्रशिक्षक लागतात. आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक पालकाला ५ मिनिटं देऊन पोराची प्रगती सांगायची. महिन्याला सुटणारी ४ मुलं २ वर येतात ती अशाच गोष्टींनी.

फी भरण्याआधी पालकांनी विचारायचे ५ प्रश्न

१. तुमची संघटना कुठली आणि तिला कुणाची मान्यता आहे?
२. ड्रेस, बेल्ट परीक्षा, स्पर्धा धरून वर्षाचा एकूण खर्च किती?
३. मध्येच सोडलं तर फी परत मिळणार का? लेखी द्याल का?
४. बॅच बघत बसता येईल का?
५. फोटो टाकण्याआधी विचारणार का?

या पाचही प्रश्नांना न चिडता उत्तर देणारे सर भेटले, तर त्यांच्याकडे पोस्टर नसलं तरी चालेल. छोट्या क्लासकडे मोठ्या अकॅडमीसारखं बजेट नसतं. त्याच्याकडे असतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विश्वास, आणि खोट्या मेडलवर तो एकदा खर्च केला की त्याच गल्लीत परत कमावता येत नाही.

तुमच्या एरियात असा एखादा क्लास आहे का, जिथे जाहिरात न करताही वेटिंग असतं? तिथे नेमकं काय वेगळं आहे, कमेंटमध्ये नक्की सांगा.