जखमेचा हिशेब



केवळ शेतीवर घर भागत नाही, म्हणून बेळगाव व खानापूर तालुक्यांतील कित्येक घरांतून एखादा तरी कर्ता मुलगा आज कारखान्यात जातो. उद्यमबाग व मच्छे येथील फाउंड्र्यांत पंपांचे, मोटारींचे व यंत्रांचे लोखंडी भाग ओतले जातात. तेथे भट्टीचा दाह आहे, वितळलेल्या लोखंडाचे शिंतोडे आहेत आणि साच्यांच्या वाळूची धूळ आहे. मुलाच्या पगाराचा हिशेब घरातील सर्वांना तोंडपाठ असतो. परंतु तो जखमी होऊन परतला, तर त्या जखमेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा हिशेब फारच थोड्या घरांत मांडला जातो. आज आपण तोच मांडू या.

समजा, एका तरुणाच्या पायावर तप्त लोखंड सांडले. डॉक्टरांचे बिल ही खर्चाची केवळ पहिली ओळ होय. दोन महिने मजुरी बुडाली. ऐन रोपलावणीत बाप इस्पितळात बसून राहिला. पत्नीचा रोजगार गेला. दागिना गहाण पडला आणि त्याचे व्याज सुरू झाले. थोरल्या मुलीची फी थकली. ह्यांपैकी एकही रक्कम कारखान्याच्या वहीत उमटत नाही.

मालकाचेही नुकसान होतेच. काम थांबते, भांड्यातील लोखंड थंड होऊन वाया जाते, चार माणसे जखमीला उचलण्यात गुंततात आणि नवख्या हाताचे ओतकाम सदोष निघते. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख ह्यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, औषधोपचार व भरपाई ह्यांवर एक डॉलर खर्च होतो, तेव्हा असा अदृश्य खर्च चार डॉलरचा असतो. ह्या प्रमाणाविषयी पुढे पुष्कळ वाद झाला, आणि ते सर्वत्र सारखे नसते हे उघड आहे. परंतु दिसणाऱ्या खर्चामागे न दिसणारा खर्च उभा असतो, हे त्यांचे म्हणणे कोणताही अनुभवी कारखानदार मान्य करील.

तात्पर्य, जखमेची किंमत कोणी ना कोणी देतोच. प्रश्न एवढाच की, ती देण्यास समर्थ असलेल्याने द्यावी, की सर्वांत दुर्बळ असलेल्या घराने?

आपल्या देशात ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने दिले. कामामुळे झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, असे त्याने ठरविले. पण भांडण मालक व मजूर ह्यांच्यातच राही, आणि भांडत बसण्याचे बळ मजुराजवळ क्वचितच असे. पुढे प्रा. बी. पी. आडारकर ह्यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी आपला अहवाल सरकारला सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली. सर्व मालकांनी व कामगारांनी थोडे थोडे घालून एक निधी उभारावा आणि जखमीचा भार त्या निधीने उचलावा, हे तिचे तत्त्व होय. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

१ जुलै २०१९ पासून ह्या निधीत वेतनाच्या सव्वातीन टक्के मालक भरतो, तर पाऊण टक्का कामगाराच्या पगारातून जातो. म्हणजे आपल्या मुलाच्या पगारचिठ्ठीवर ती लहानशी कपात दिसत असेल, तर त्याने आपला वाटा आधीच भरलेला आहे. कामावरील इजेमुळे, अपघाताचा दिवस सोडून, किमान तीन दिवस काम करता आले नाही, तर बरा होईपर्यंत त्याला सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि औषधोपचार मोफत होतो. ह्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही. २०१० च्या दुरुस्तीपासून घर व कारखाना ह्यांच्या दरम्यान वाटेत झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच धरला जातो. रोज मोटारसायकलीने वीस मैल ये-जा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता कारखान्यातील दवाखान्याविषयी. पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपचारासाठी स्वतंत्र खोली असावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरविले होते. आपल्याकडील बहुतेक फाउंड्र्या त्याहून पुष्कळ लहान. तेथे दवाखाना म्हणजे भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी. तिची किल्ली कार्यालयात आणि कार्यालय रात्रपाळीला बंद, अशी स्थिती असेल, तर ती पेटी असून नसल्यासारखीच.

परंतु चांगल्या दवाखान्याचे खरे मोल मलमपट्टीपेक्षा त्याच्या वहीत असते. ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला कारखान्यात फेटलिंग म्हणतात. तेथील एकाच चाकावर काम करणाऱ्या तिघांच्या डोळ्यांत दोन महिन्यांत कण गेले, असे वहीत दिसले, म्हणजे दोष त्या तिघांच्या नशिबाचा नसून चाकाच्या आवरणाचा आहे, हे कळते. आवरण बसविले की चौथ्याचा डोळा वाचतो. वाळूच्या सूक्ष्म धुळीने होणारा सिलिकोसिस तर जखमेवाचूनच येतो. वर्षानुवर्षे दम लागत जातो, क्षयाशी त्याची गल्लत होते, आणि फुप्फुसांची झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. छातीची वेळोवेळी तपासणी झाली आणि तिची नोंद राहिली, तरच माणूस वेळीच धुळीतून बाहेर काढता येतो.

म्हणूनच इजा लपविण्याची रीत घातक आहे. जखमीला मुकाट्याने खाजगी दवाखान्यात न्यावयाचे, हातात काही नोटा ठेवावयाच्या, ‘घरी पडलो असे सांग’ म्हणावयाचे, हा प्रकार काही ठिकाणी घडतो. घरच्यांनाही तो उपकार वाटतो. पण नोटा महिन्याभरात संपतात, आणि बोट आखडले किंवा दृष्टी मंदावली, तर पुढे दाद मागण्यास कागदाचा एक चिटोराही हाती राहत नाही. मालकाचाही ह्यात लाभ नाही. ज्या विम्याची वर्गणी तो भरतो, त्याचेच काम तो स्वतःच्या खिशातून करीत असतो. कित्येक लहान मालक स्वतः भट्टीपाशी घाम गाळणारे असतात. त्यांना दूषण देण्याचा हेतू नाही, नोंद ही त्यांचीही ढाल आहे एवढेच सांगावयाचे आहे.

तेव्हा प्रत्येक घराने चार गोष्टी कराव्यात. मुलाचा विमा क्रमांक घरातील कागदपत्रांत लिहून ठेवावा. तो ठेकेदाराकडे कामाला असला तरी हा क्रमांक मागावा, कारण ठेकेदाराचे कामगारही ह्या योजनेत मोडतात. इजा कितीही लहान असली तरी अपघातवहीत तिची नोंद त्याच दिवशी करवून घ्यावी. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. डोळ्यात कण रुतल्यास डोळा चोळू नये, तत्काळ डॉक्टर गाठावा. १ जानेवारी २०१७ पासून ह्या विम्यासाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. त्याहून अधिक वेतन असलेल्या कामगाराला मालकाकडून थेट भरपाई मागता येते, आणि तेथेही ती नोंदच कामी येते.

आपल्या घरातून कोणी कारखान्यात जात असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याची पगारचिठ्ठी मागून घ्या आणि विम्याची कपात व क्रमांक त्यावर आहेत की नाहीत, ते पाहा. नसतील तर उद्या त्याला विचारण्यास सांगा. तो विचारण्यास कचरत असेल, तर वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी त्याच्याबरोबर जावे.