लाख डॉलरांचा उंबरठा

२०२५ सालची सर्वपित्री अमावास्या होती. घरोघरी पाने वाढण्याची लगबग चालू असताना, आपल्या घड्याळात सकाळी साडेनऊला, अमेरिकेचा नवा हुकूम लागू झाला. परदेशी तज्ज्ञांना अमेरिकेत नोकरीवर आणणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या प्रत्येक नव्या अर्जामागे एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८८ लाख रुपये. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १९ सप्टेंबरला सही केली. वाणिज्यमंत्री लटनिक यांनी ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला : एकदाच, आणि तीही फक्त नव्या अर्जांना. पण तेवढ्या वेळात सॅन फ्रान्सिस्कोहून दुबईला निघालेल्या विमानातून प्रवासी उतरले होते आणि सणाला इकडे आलेल्यांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटे काढली होती.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घट बसले. व्हिडिओ कॉलवर आरती करणाऱ्या अनेक घरांत त्या वर्षी हाच विषय असावा. चिडण्याआधी मात्र समोरच्याची बाजू नीट ऐकावी, कारण ती अगदीच पोकळ नाही. संगणकशास्त्राच्या तरुण पदवीधरांत ६.१ टक्के आणि संगणक अभियांत्रिकीच्या पदवीधरांत ७.५ टक्के बेकारी आहे, असे हुकूमनामा म्हणतो. एच-१बीवरच्या माणसाला ‘प्रचलित वेतन’ द्यावे लागते खरे, पण त्याची सर्वांत खालची पायरी त्या भागातल्या तशाच कामाच्या शंभर पगारांतल्या खालून सतराव्याइतकी. म्हणजे स्वस्तात माणूस ठेवायची सोय कायद्यातच आहे. ऑर्लँडोत डिस्नेने सुमारे २५० कर्मचारी कमी केले. आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवूनच त्यांना बाहेर पडावे लागले. हे २०१५ साली गाजले, आणि ते गाजायलाच हवे होते.

आपणही हसू नये. १९६६ साली शिवसेना उभी राहिली तीच मुंबईतल्या दाक्षिणात्य कारकुनांच्या नोकऱ्यांवर बोट ठेवून. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हे आपल्या राज्याचे धोरण आहे. पदवी घेतलेला मुलगा घरी बसला असेल तर बापाची समजूत आकडेवारीने पटत नाही. ओहायोत नाही आणि ओतूरमध्येही नाही.

तरीही प्रश्न उरतो, माणूस अडवला की मजुरी वाढते का? अमेरिकेने हा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. महायुद्धात शेतांवर माणसे उरली नाहीत, तेव्हा १९४२ साली मेक्सिकोशी करार करून मजूर आणले गेले. ही ‘ब्रासेरो’ योजना १९६४ अखेर बंद केली ती स्थानिक शेतमजुराची मजुरी वाढावी म्हणून. अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी पुढे राज्यवार मजुरीच्या जुन्या नोंदी काढल्या. मेक्सिकन मजूर भरपूर असलेली राज्ये आणि एकही नसलेली राज्ये, दोन्हीकडे मजुरीचा आलेख सारखाच चालला होता. कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवाल्यांनी तोडणीचे यंत्र आणले. यंत्र चालत नव्हते अशी काही पिके शेतकऱ्यांनी कमीच केली. गेलेल्या मजुराची जागा स्थानिकाला मिळालीच नाही.

सॉफ्टवेअरला तर नवे यंत्रही लागत नाही, काम तारेवरून हिंजवडीला येते. एच-१बीची कवाडे अरुंद झाली तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारत, चीन आणि कॅनडातल्या शाखांत भरती वाढवली, हे संशोधक ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात आले आहे. मग आपले भलेच की, असे म्हणणारे पुण्यात भेटतील. थोडे खरेही आहे ते.

पण मुळातली गोम कोणी बोलत नाही. परदेशी अभियंता स्वस्त पडतो तो अडकलेला असतो म्हणून. नोकरी सुटली की साठ दिवसांत नवा मालक शोधायचा, नाहीतर चंबूगबाळे आवरायचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षे उभा असलेला माणूस पगारासाठी भांडत नाही. त्याची ही मुकी गरज शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकी माणसाचाही पगार दाबून ठेवते. लाख डॉलर मोजलेला मालक त्याला जास्त मोकळा सोडेल, ही आशा भाबडी आहे. स्थानिकांचे वेतन खरोखर राखायचे असेल तर ती सतराव्या पगाराची पायरी उचला आणि या माणसाला उद्या सकाळी राजीनामा देता येईल अशी सोय करा. शुल्काने यातले काहीच होत नाही. तिजोरीत पैसे येतील आणि छोट्या कंपन्या, ग्रामीण रुग्णालये या वाटेने माणूस आणायचे थांबतील.

एच-१बी जन्माला आला थोरले बुश यांनी २९ नोव्हेंबर १९९० रोजी सही केलेल्या कायद्यातून. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातल्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त मिळू नयेत, ही ती रांग लांबवणारी मर्यादाही त्याच कायद्यातली. ट्रम्प यांच्या हुकमाची मुदत सही झाली तेव्हा बारा महिन्यांची होती. सात टक्क्यांच्या कलमाला मुदत नाही. ते फक्त अमेरिकी काँग्रेसला बदलता येते.