बिनतिखट ‘चिली’चा अभिमान

खाण्याच्या पदार्थावरून माणसें जितक्या तळमळीनें भांडतात तितक्या तळमळीनें तीं तत्त्वावरून भांडत नाहींत, असें म्हटलें तर कोणास ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु ज्यांच्या घरांत चार सुना चार गांवांहून आलेल्या आहेत त्या आमच्या वाचकांस तरी ती तशी वाटूं नये. आमटींत गूळ किती असावा, चिंच घालावी कीं आमसूल, या प्रश्नांचा अखेरचा निकाल कोणत्याहि घरांत लागल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. या महिन्यांत अशाच एका वादाची हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. मात्र हा वाद आपल्याकडचा नसून अमेरिकेंतील सिन्सिनाटी या शहराचा आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज त्या देशांत संसार थाटून राहिलीं आहेत. तेव्हां तेथील माणसें चुलीवरून कशीं भांडतात हें समजून घेणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. ज्या पदार्थावरून हा वाद आहे तो गोमांसाचा करतात. त्याची कृति देण्याचा आमचा हेतु नाहीं, आणि पाककृतीच्या आशेनें हें पान उघडणाऱ्या भगिनींनीं निराश होऊं नये म्हणून हें आधींच सांगतों. पदार्थ ताटांत न घेतांहि त्याच्याभोंवतीं जमलेलीं माणसें पाहतां येतात. आम्हांस तेवढेंच करावयाचें आहे.

‘चिली’ म्हणजे मिरची, हें वाचकांस ठाऊकच आहे. परंतु अमेरिकेंत नुसतें ‘चिली’ म्हटलें कीं मिरची घालून शिजविलेलें मांसाचें कालवण, असा अर्थ होतो. याचें माहेर टेक्सस प्रांत. तेथील सॅन अँटोनिओ शहराच्या चौकांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळीं चुली मांडून तें विकीत. लोक त्यांस कौतुकानें ‘चिलीच्या राण्या’ म्हणत. १९३० नंतरच्या दशकांत आरोग्यखात्याच्या नियमांनीं त्या राण्यांचीं राज्यें गेलीं, पण तोंवर पदार्थाचें नांव देशभर झालें होतें. टेक्ससच्या विधिमंडळानें १९७७ सालीं ठराव करून चिलीस प्रांताचा अधिकृत पदार्थ ठरविलें. एखाद्या कालवणासाठीं विधिमंडळानें ठराव करावा, यावरूनच तेथील लोकांच्या भावना किती नाजूक आहेत याची कल्पना येईल.

टेक्ससवाल्यांचा मुख्य आग्रह असा कीं, चिलींत घेवड्याचे दाणे घालतां कामा नयेत. हा आग्रह किती पुढें जातो याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६७ सालीं एच्. ॲलन स्मिथ या विनोदी लेखकानें एका मासिकांत लेख लिहून चिलीविषयीं आपल्याइतकें कोणासहि कळत नाहीं असें जाहीर केलें. हा गृहस्थ टेक्ससचा नव्हे, आणि त्याच्या चिलींत घेवडा! टेक्ससमधील विक फाउलर या पत्रकारानें त्यास प्रत्यक्ष स्वयंपाकाच्या सामन्यांत गांठलें. मेक्सिकोच्या सीमेजवळ टर्लिंग्वा म्हणून खाणी बंद पडून ओस झालेलें एक गांव आहे. त्या वैराण जागीं दोघांच्या चुली पेटल्या. परीक्षक तीन. एकाचें मत एकास, दुसऱ्याचें दुसऱ्यास; आणि तिसऱ्यानें आपली जीभच निकामी झाल्याचें सांगून सामना बरोबरींत सोडविला! तेव्हांपासून त्या गांवीं दरवर्षीं स्पर्धा भरूं लागल्या, आणि पुढें मंडळींत फूट पडून त्याच गांवीं दोन वेगवेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. आपल्याकडील संस्थांचा इतिहास ज्यांस अवगत आहे त्यांना यांत नवें असें कांहीं दिसणार नाहीं.

आतां सिन्सिनाटीकडे वळूं. ओहायो नदीच्या उत्तर तीरावर टेकड्यांवर पसरलेलें हें शहर. एकोणिसाव्या शतकांत तेथें जर्मन लोक मोठ्या संख्येनें येऊन राहिले, आणि डुकराच्या मांसाचा व्यापार इतका वाढला कीं गांवाला त्यावरूनच टोपणनांव पडलें. मेक्सिको येथून दूर, मिरचीचा संबंध त्याहून दूर. तरीहि आज या गांवाचा अभिमानाचा पदार्थ कोणता म्हणून विचारलें तर लहानथोर एकच उत्तर देतात: आमची चिली.

ती गांवाची कशी झाली ही हकीकत आम्हांस विशेष मनोरंजक वाटते. १९२२ सालीं किराजीफ आडनांवाच्या दोघां भावांनीं तेथील ‘एम्प्रेस’ नांवाच्या नाट्यगृहाशेजारीं एक लहानसें उपाहारगृह काढलें आणि नाट्यगृहाचेंच नांव त्याला दिलें. हे भाऊ मॅसिडोनियांतून आलेले. त्यांचा मुलूख पूर्वीं तुर्की सुलतानाच्या अमलाखालीं होता, तो १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनंतर ग्रीसकडे गेला. त्यामुळें या बंधूंस ग्रीक म्हणावें, मॅसिडोनियन म्हणावें कीं बल्गेरियन, यावरहि एक स्वतंत्र वाद आहे! त्यांनीं जें कालवण विकावयास ठेविलें त्यांत दालचिनी, लवंग, जिरें, तमालपत्र असा मसाला होता, आणि ऑलस्पाइस म्हणून वेस्ट इंडीजकडील एक वाळविलेलें फळ, ज्याला लवंग, दालचिनी व जायफळ या तिहींचा वास एकदम येतो. मिरची होती, पण नांवापुरती. ग्रीसकडे खिमा शिजवितांना दालचिनी घालण्याची जी रीत आहे तीच येथें उतरलेली दिसते. आपल्या गृहिणींनीं हा डबा हुंगला तर त्या म्हणतील, हा तर अर्धा गोडा मसालाच!

मांस तेलांत परतावयाचें नाहीं, कच्चेंच थंड पाण्यांत मोकळें करून मंद आंचेवर शिजवावयाचें, ही या चिलीची खूण. त्यामुळें तें सरबरीत होतें आणि स्पगेटीवर, म्हणजे गव्हाच्या लांब जाड शेवयांवर, ओततां येतें. आरंभीं शेवया व कालवण एकत्रच असे. गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून तें वर ओतूं लागले. किसलेलें चीजहि गिऱ्हाइकांच्याच मागणीनें आलें. शेवया, चिली व चीज मिळून ‘थ्री-वे’ म्हणजे तीनपदरी. त्यांत कांदा किंवा घेवडा घातला कीं चौपदरी. दोन्ही घातले कीं पांचपदरी. सिन्सिनाटीचा मनुष्य दुकानांत शिरून नुसता आंकडा सांगतो, आणि लंबगोल बशी पुढें येते. ती खातांना शेवया काट्याला गुंडाळावयाच्या नाहींत. काट्याच्या कडेनें सारे थर कापून घांस घ्यावयाचा. गुंडाळणारा दिसला कीं परगांवचा म्हणून ओळखावा.

टेक्ससचा मनुष्य ही बशी पाहून काय म्हणत असेल तें सांगावयास नको. तिखट नाहीं, शेवया आहेत, वर घेवडा! याला चिली म्हणणें म्हणजे शब्दाचा विटाळ. आणि त्याच्या बाजूनें पाहिलें तर तें खोटें नाहीं. वस्तूवरून नांव ठेवावयाचें तर या पदार्थाला चिली म्हणण्यास फारसा आधार नाहीं. सिन्सिनाटीचे लोक मात्र या आक्षेपाला उत्तर देण्याच्या भानगडींत फारसे पडत नाहींत. आमच्या गोड्या मसाल्याला ‘गोडा’ कां म्हणतात असें कोणी विचारलें तर आम्ही तरी काय उत्तर देणार?

त्यांचें खरें भांडण आपसांत असतें, आणि तें कृतीवरून नसून दुकानावरून असतें. एम्प्रेसमध्यें हाताखालीं काम केलेलीं माणसें पुढें स्वतंत्र झालीं. त्यांपैकीं एकानें १९२९ सालीं नदीपलीकडे केंटकी प्रांतांतील न्यूपोर्ट गांवीं ‘डिक्सी चिली’ काढली. ग्रीसमधील कास्तोरिया गांवाहून आलेला निकोलस लँब्रिनिडीस हा दुसरा. त्यानें १९४९ सालीं शहराच्या पश्चिमेकडील प्राइस हिल या टेकडीवर दुकान मांडलें. तेथून खालच्या शहराची आकाशरेषा दिसे, म्हणून नांव ‘स्कायलाइन’. पूर्वेकडील माउंट वॉशिंग्टन भागांत जॉर्डन देशाहून आलेल्या दाऊद बंधूंनीं एक उपाहारगृह विकत घेतलें. त्यांतील इतर पदार्थांहून चिलीच अधिक खपते असें पाहून १९६५ पासून तें ‘गोल्ड स्टार’ झालें. या दोन नांवांच्या आज ठिकठिकाणीं शाखा आहेत आणि गांव मुख्यतः त्यांच्यांत विभागलें आहे. शिवाय १९४० पासून चालत आलेल्या ‘कॅम्प वॉशिंग्टन चिली’चा पंथ निराळा, त्या दुकानास २००० सालीं जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला. मूळचें एम्प्रेस मात्र मागें पडलें. शिष्यांनीं गुरूस झांकलें, हें अशा व्यवहारांत व्हावयाचेंच.

या दुकानांच्या चिलींत फरक आहे, पण तो किती? एकांत मसाल्याचा वास किंचित् पुढें, दुसऱ्यांत मांसाची चव किंचित् दाट. त्रयस्थ माणूस डोळे बांधून खाईल तर बहुधा चुकेल. परंतु गांवकऱ्यास हें सांगून पाहावें! त्याच्या बापानें ज्या दुकानीं त्याला लहानपणीं नेलें, शाळेचा सामना संपल्यावर तो मित्रांसह जेथें बसला, तीच खरी चिली. याच गांवांत अनोळखी माणसाची पहिली चौकशी ‘तुमचें हायस्कूल कोणतें?’ अशी होते म्हणतात. दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. चव विचारावयाची नसते, तुम्ही कोणाचे हें विचारावयाचें असतें.

आम्हांस या दोन अभिमानांत सिन्सिनाटीचा अभिमान अधिक पटतो. टेक्ससचा अभिमान व्याख्येचा आहे. त्यांत पहारेकऱ्याचें काम मोठें. शिवाय ज्या तयार तिखटपुडीनें चिली घरोघर पोहोंचली तिचा एक आद्य कारखानदार विल्यम गेबहार्ट हा जर्मनींतून टेक्ससमध्यें येऊन राहिलेला होता, याची आठवण या शुद्धतेच्या वादांत कोणी काढीत नाहीं. सिन्सिनाटीनें मॅसिडोनियाच्या, ग्रीसच्या, जॉर्डनच्या माणसांच्या हातचें खाल्लें, आणि दोन पिढ्यांत तें आपल्या आजोळचें असल्याप्रमाणें त्यावरून भांडूं लागलें. परका येऊन घरचा होण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाहीं.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हांस बोचते. किराजीफ बंधूंनीं आपल्या देशीचा मसाला विकला, परंतु नांव मात्र गिऱ्हाइकाच्या ओळखीचें, टेक्ससचें दिलें. त्यांच्या आईच्या चुलीवर त्या कालवणाला काय म्हणत असतील? तें नांव पाटीवर कधींच आलें नाहीं. पदार्थ स्वीकारला गेला, त्याचें माहेरचें नांव गेलें. आमच्या घरांत आलेल्या सुनांची गोष्ट याहून फार वेगळी आहे काय? त्यांच्या हातची आमसुलाची आमटी पांच वर्षांत सर्वांच्या जिभेवर बसते, मुलें ती मागून घेतात, आणि दहाव्या वर्षीं ती ‘आमच्या घरची आमटी’ म्हणून पाहुण्यांस वाढली जाते. ती कोणत्या गांवाहून आली हें तेव्हां कोण सांगतें? सांगावें, असें आम्हांस वाटतें. पाहुण्यांसमोर, सासूबाईंनीं स्वतः सांगावें.

आणि ‘आमचें’ या शब्दाचा हिशेब फार ताणूंहि नये. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडील साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, हीं चारीहि मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज लोकांचीं गलबतें आपल्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं आपल्याकडे कोणास तीं माहीत नव्हतीं. मिरचीचें नांवसुद्धां आपण आपल्या जुन्या मिऱ्यांवरून ठेविलें. आणि जी हळद मुळांत आपली, मंगलकार्यांत जिच्यावांचून चालत नाहीं, ती उपवासाला वर्ज्य! त्यावर जिरें चालतें कीं नाहीं, कोथिंबीर चालते कीं नाहीं, यावरून एकाच वाड्यांतल्या दोन बिऱ्हाडांचें पटत नाहीं तें निराळेंच.

अमेरिकेंत मुलाकडे जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कोणी ओहायोकडे गेलेच, तर त्यांच्यासाठीं एक माहिती देऊन ठेवतों. तेथील कांहीं दुकानांत शाकाहारी माणसाकरितां मांसाऐवजीं काळा घेवडा व भात घालून शेवयांची बशी देतात. मात्र घेण्यापूर्वीं नीट विचारून खात्री करून घ्यावी. तींत मांस नाहीं, तिखट नाहीं, आणि घेवडा तर भरपूर. ही बशी कोणी टर्लिंग्वाच्या परीक्षकांपुढें नेऊन ठेवीपर्यंत ती सुखानें खाण्यास हरकत नाहीं. फक्त शेवया काट्याला गुंडाळूं नयेत.