क्रूस दिसला, बाई दिसली नाही

मिशनरी वेश्यावस्तीत शिरतो तो माणसं बाटवायलाच, हा आपल्याकडचा जुना सिद्धांत. त्याला पुरावा लागत नाही. प्रार्थनेची घंटा नि गळ्यातला क्रूस एवढ्यावर भागतं. त्यातला खरा भाग मी आधीच मान्य करून टाकतो. धर्मांतरं झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तर उघड झाली आणि त्यांनी ती कधी लपवली नाहीत. आता आक्षेपकानं पुढचं बोलावं. ती सक्तीनं झाली का? आणि त्या बाईचं पुढे काय झालं? इथे आवाज एकदम बसतो.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडात वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत होत्या. या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात धंद्यातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत. तिथून बाहेर पडलेल्या काही जणी रमाबाईंना भेटल्या, त्या आता आजारी नि अपंगांची सेवा करत होत्या. पुराणं मुखोद्गत असलेली ही विदुषी. पण ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बाईसाठी काही करायचं असतं, हे आपल्याला आयुष्यात पहिल्यांदा इथे कळलं, असं तिनं स्वतः लिहून ठेवलंय. मग योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची गोष्ट तिनं वाचली. पुढे केडगावला अशा बायकांसाठी ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचं मूळ या भेटीत आहे.

‘म्हणजे आपल्या समाजात कोणी काही केलंच नाही?’ केलं की. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. पण फुल्यांना तेव्हा कोणी डोक्यावर घेतलं नव्हतं, आणि रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्यावर गदारोळ झाला तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेणारे हेच फुले होते. फुल्यांचं नाव पुढे करून रमाबाईंना झोडपणाऱ्यांनी तो अंक एकदा चाळावा.

रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनाचं १८९३ चं प्रकरण तर या खटल्यातला मुख्य पुरावा म्हणून दाखवतात. तक्रार काय होती? बाई आपल्या खोलीत प्रार्थना करतात, दार उघडं असतं आणि मुली येऊन बसतात. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणाला बोलावत नाही, आलेलीला हाकलतही नाही. रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं आसूड ओढला, पालकांनी मुली परत नेल्या. मुली परत नेता आल्या, याकडे मात्र कोणी बघत नाही. त्याच साली मार्चमध्ये धोंडो केशव कर्व्यांनी जिच्याशी पुनर्विवाह केला ती गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, याच सदनाची विद्यार्थिनी. तिनं जन्मभर हिंदू म्हणूनच विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. सापळा असेल तर फारच ढिला म्हणायचा. शिवाय विधवेचा नि कुंटणखान्याचा संबंध रमाबाईंनी ऐकून सांगितलेला नव्हता. वृंदावनात यात्रेकरूच्या वेषात राहून त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता.

दुसरा आरोप, ही मंडळी इंग्रज सरकारची माणसं. गोऱ्या सोल्जरांसाठी छावण्यांतून चकले कोण चालवत होतं? सरकारच. १८८६ च्या एका लष्करी परिपत्रकात पलटणींना पुरेशा नि देखण्या बायका मिळतील अशी तजवीज करायला बजावलं होतं. एलिझाबेथ अँड्र्यू आणि केट बुशनेल या दोन अमेरिकन ख्रिस्ती कार्यकर्त्या १८९१-९२ मध्ये लखनौ, मेरठ, अंबाला अशा छावण्यांत फिरल्या, त्या बायकांशी बोलल्या आणि लंडनच्या चौकशी समितीपुढे साक्ष देऊन आल्या. सरसेनापती रॉबर्ट्सनं आधी कानांवर हात ठेवले, मग माफी मागितली. रमाबाईंनीही १८९७ च्या प्लेगात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून रुग्णालयात मुली सुरक्षित नाहीत असं सरकारला सुनावलं, प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. हस्तक असे वागत नाहीत.

आता माझ्या बाजूच्या लोकांना न आवडणारं बोलतो. आयर्लंडच्या मॅग्डालेन लाँड्र्यासुद्धा ‘पतित स्त्रियांच्या उद्धारा’च्या नावानंच उघडल्या होत्या. त्या ख्रिस्ती भगिनींच्याच ताब्यात होत्या. बायकांनी बिनपगारी कपडे धुवायचे आणि दाराला कुलूप. १९९३ साली डब्लिनच्या हाय पार्क मठाची जमीन विकताना तिथली थडगी उकरली, तर दीडशेवर मृतदेह निघाले नि कित्येकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. शेवटची लाँड्री १९९६ ला बंद झाली, सरकारची माफी यायला २०१३ उजाडलं. फुलहॅममध्येही क्रूस होता, या लाँड्र्यांतही होता. त्यामुळे क्रूसावरून निकाल देणारे दोन्हीकडचे लोक मला सारखेच आळशी वाटतात. बाईला उठून जाता येतं का आणि जाताना तिच्या हातात काम असतं का, एवढंच मी बघतो. केडगावच्या छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या बायका होत्या, विणणाऱ्या होत्या, शिकून बाहेर शिक्षिका झालेल्या होत्या.

इंग्लंडची जोसेफिन बटलर मला याहून पुढची वाटते. पोटची मुलगी गेल्यावर ही पाद्र्याची बायको १८६६ च्या सुमारास लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल गरीबखान्यात (वर्कहाउस) जाऊ लागली. तळघरात बायका जुने डांबरी दोर उसवत बसायच्या. ही त्यांच्यात फरशीवर बसली, दोर उसवायला लागली. जमेना, तेव्हा सगळ्या हसल्या. आजारी मुलींना तिनं आपल्या घरी नेऊन ठेवलं. आणि तेवढ्यावर न थांबता, बायकांना पकडून सक्तीनं तपासणारे संसर्गजन्य रोगांचे कायदे रद्द व्हावेत म्हणून ती १८८६ पर्यंत भांडली. नीती पोलिसांकरवी लादायला निघालेल्या आपल्याच गोटातल्या सज्जनांनाही तिनं विरोध केला.

आजच्या काही मिशनरी संस्था हे विसरल्यात. पोलिसांना घेऊन छापा घालायचा, सज्ञान बाईलाही गाडीत कोंबायचं, ‘पिटा’ या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली सुधारगृहात टाकायचं आणि त्याला सुटका म्हणायचं. सांगलीची ‘संग्राम’ संस्था नि ‘व्हॅम्प’ ही धंद्यातल्या बायकांचीच संघटना, त्यांतल्या बायका याविरुद्ध बोलतात ते खरं आहे. अल्पवयीन मुलीची गोष्ट वेगळी, तिथे छापा हवाच. पण सुधारगृहांत मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांचा आढावा घेऊन त्यांना सोडा, असं मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. घरवालीची उचल तशीच, पोर बाहेर, बाई आत. कुलूप उघडलं की ती पुन्हा त्याच गल्लीत जाते, आणि वार्षिक अहवालात ‘सुटका’ आणखी एकानं वाढते. त्या आकड्याशेजारी दुसरे दोन छापायला लावा. किती जणी निघून गेल्या, नि वर्षभरानंतर किती जणी आपल्या कमाईवर राहतात. देणगीदारांनी पावती फाडण्याआधी ते मागावेत, मग संस्था चर्चची असो की मठाची.