पिशवीपाशी कोण बसणार?

मराठीच्या प्राध्यापकाला सुट्टी पुष्कळ असते, असा एक लोकप्रवाद आहे. शेजाऱ्यांचा त्यावर विश्वास आहे आणि घरच्यांचा तर शेजाऱ्यांहून जास्त. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "मग यंदा कुठं जाणार?" २०२४ च्या दिवाळीत मात्र चूक माझीच झाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमचे सहा वर्षांचे चिरंजीव उटणे टोचते म्हणून मोरीतून पळ काढण्याच्या बेतात होते. मी घाईघाईने म्हणालो, "न रडता लावून घेतलंस, तर माथेरानच्या छोट्या गाडीत बसवीन."

चिरंजीव जागच्या जागी थांबले. उटणे लागले. आणि मी अडकलो.

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. मी पडलो मास्तर, त्यामुळे माझ्याही अंगात आले. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट या डोंगरावर चढला तिथपासून सुरुवात करून, पीरभॉय कुटुंबाने ही रेल्वे कशी बांधली, १९०७ साली ती कशी सुरू झाली, दोन रुळांमध्ये अंतर कसे अवघे दोन फूट आहे, हे सारे मी जेवताना सांगत असे. पोराच्या मनात त्यातली एकच गोष्ट रुतली. वाटेत एक बोगदा आहे. तो इतका आखूड की, त्याला 'वन किस टनेल' असे नाव पडले. थोरलीने (ती नऊ वर्षांची आहे) त्या नावाचा अर्थ विचारला, तेव्हा मी पुन्हा कलेक्टर मॅलेटकडे वळलो.

भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. पावसाळ्यात बंद असलेली गाडी नुकतीच सुरू झाली होती. सौ.चे म्हणणे होते की, डोंबिवलीहून सहाच्या आतली लोकल धरावी. मी म्हणालो, "इतक्या लवकर काय आहे? सुट्टी आहे की परीक्षा?" सौ. काही बोलली नाही. ती साडेतीनलाच उठली होती. दशम्या, तिळाची चटणी, मेथीचे ठेपले, फराळातल्या उरलेल्या चकल्या, बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, दोघांचे जादा कपडे, पाण्याच्या बाटल्या, ओवा, लिंबू, सुईदोरा, जखमेवर लावायच्या पट्ट्या, रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या, असे सारे एका मोठ्या कापडी पिशवीत गेले. तीही बँकेत नोकरी करते, हे इथे सांगून ठेवतो. माझ्या हातात एक पुस्तक होते.

नेरळला आम्ही खिडकीपाशी पोचलो तेव्हा तिकिटे संपली होती.

मला वाटले, आता फलाटावर आकांत होणार. तसे काही झाले नाही. चिरंजीवांनी मान वर करून एवढेच विचारले, "म्हणजे बोगदा नाही?" रडला असता तर बरे झाले असते. मी म्हणालो, "येताना बघू." 'बघू' या शब्दाचा अर्थ सगळ्या घरांतल्या सगळ्या मुलांना ठाऊक असतो.

मग टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. तिसऱ्या वळणाला पोराचा रंग बदलला आणि पिशवीतून वेळेवर प्लास्टिकची पिशवी, मागोमाग लिंबू, मागोमाग ओला रुमाल निघाला. मी पुढच्या सीटवरून "लांब बघ, लांब बघ" असे मार्गदर्शन करीत होतो. दस्तुरीला मोटारी थांबतात. पुढे चालत जा, घोड्यावर जा, नाही तर जवळच्या अमन लॉजहून माथेरानपर्यंत जी छोटी गाडी धावते तिच्यात बसा. आम्ही तिच्यात बसलो. पोराने डबा आतून नीट न्याहाळला.

"हीच ती?"

"हीच. शेवटचा थोडासा भाग."

"यात बोगदा आहे?"

"नाही."

"मग ही ती नाही," असा निकाल देऊन तो खिडकीबाहेर पाहू लागला.

स्टेशनाबाहेर तांबड्या मातीच्या रस्त्यावर एक हातरिक्षा चालली होती. एक माणूस पुढून ओढत होता, दुसरा मागून रेटत होता आणि आत एक धडधाकट गृहस्थ बसले होते. थोरली म्हणाली, "बाबा, त्या काकांचे पाय दुखतात का?" मी म्हटले, "नसावेत." "मग?" या 'मग'ला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये माथेरानच्या या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ती बातमी मी तिला मुद्दाम वाचून दाखवली. तिने विचारले, "मग ओढणारे काका काय करणार?" त्यांच्या पुनर्वसनाचेही न्यायालयाने सांगितले आहे, तेही वाचून दाखवले. तिचे तेवढ्याने समाधान झालेले दिसले नाही.

पहिला दिवस आम्ही पॉइंटांमागून पॉइंट पाहिले. इको पॉइंटला दोन्ही पोरांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मी फोनवर भराभर फोटो काढले, माझेही थोरलीकडून काढून घेतले. संध्याकाळी खोलीवर सगळे पाय धुऊन बसलो. मोजे असे तांबडे झाले होते की, ते मुळात पांढरे होते हे कुणाला सांगून पटले नसते. थोरली फोटो मोजू लागली. "हा एकतीस, मी सव्वीस, बाबा एकोणीस. आई... आई नाहीच." पुन्हा मागे गेली. "एक आहे. पण त्यात पिशवी आहे, आणि पिशवीच्या मागे आईची ओढणी."

सौ. हसली. म्हणाली, "मग पिशवीपाशी कोण बसणार? माकडं काय कमी आहेत इथं?"

तिने ते अगदी सहज म्हटले, तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. पण मला झोप येईना. आठवू लागलो, तर गणपतीपुळ्याला आम्ही तिघे पाण्यात होतो आणि ती वाळूत आमच्या चपलांच्या तीन जोड्यांपाशी बसली होती. चौथी जोडी तिच्या पायांतच होती. महाबळेश्वरला नावेत आम्ही तिघे, काठावर ती आणि पिशवी. पिशवी हीच. 'तुला यायचंय का?' असे मी कधी विचारले होते का, तेही आठवेना. बहुधा विचारले नसावे. बसायला कोणीतरी लागतेच आणि ती बसतेच, एवढा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलावाशी मी जाहीर केले, "आज पिशवीपाशी मी." आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण शेजारचे एक कुटुंब वळून पाहू लागले. सौ.ने तीन सूचना दिल्या : चेन लावलेली ठेवा, खाऊ बाहेर काढू नका, आणि वाचत बसू नका. एवढे सांगून तिघे लुईझा पॉइंटच्या वाटेने दिसेनासे झाले.

वाचकहो, पिशवीपाशी बसून पाहा. पहिली दहा मिनिटे झाडे, वारा, पाणी. मग चहाची तल्लफ आली. टपरी पन्नास पावलांवर, पण पिशवी उचलायची तर ती एवढी जड असते हे मला प्रथमच कळले. मग कोणी रस्ता विचारला, कोणी वेळ विचारली, एका बाईंनी आपलीही एक पिशवी "जरा बघाल का" म्हणून माझ्यापाशी ठेवली. आता मी दोन पिशव्यांचा रखवालदार झालो. पुस्तक उघडले. भूक लागली. चेन उघडली, लाडवांचा डबा काढला. म्हणजे तिन्ही सूचना मोडायला मला अर्धा तास पुरला.

माकड कुठून आले ते दिसलेच नाही. डबा गेला एवढेच दिसले. ते वरच्या फांदीवर बसून झाकण अशा सफाईने उघडीत होते की, आमच्या घरात ते कोणालाच साधत नाही. मी उभा राहून वर्गात लावतो तो आवाज लावला. परिणामही वर्गातलाच झाला. लाडू संपल्यावर डबा खाली आला. लिंबू सरबत विकणारी एक म्हातारी हे सारे पाहत होती. ती म्हणाली, "पिशवी पोटाशी धरायची असती, साहेब. बाया धरत्यात तशी."

दीड तासाने तिघे परतले. सौ.चे केस वाऱ्याने विस्कटले होते, पाय घोट्याच्या वरपर्यंत तांबडे झाले होते, आणि तिघांचे आपसांत काहीतरी चालले होते. "आईची आरोळी!" असे म्हणून धाकटा खदखदून हसे. कड्यावर उभी राहून प्रबळगडाकडे तोंड करून ती काहीतरी ओरडली म्हणे.

"काय ओरडली?"

"ते सांगायचं नाही, असं ठरलंय," थोरली म्हणाली.

मी सौ.कडे पाहिले. ती पिशवीत डोकावत होती. "लाडू कुठायत?" मी वर झाडाकडे बोट केले. ती काय ओरडली ते मला अजून कळलेले नाही.

परतीच्या तिकिटासाठी मात्र मी फार आधीपासून खिडकीशी उभा राहिलो आणि चौघांची जागा मिळाली. अखेर खरी गाडी. पिशवी माझ्या मांडीवर. पोरगा खिडकीशी. पण दोन दिवस तो पायांवर नाचला होता, आणि या गाडीचा झोका पाळण्यासारखा. वॉटर पाइप स्टेशनाच्या सुमारास त्याने आईच्या मांडीवर डोके टेकले.

बोगदा जवळ आला. मी त्याला हलवायला हात पुढे केला. सौ.ने तो धरला. "झोपू द्या."

"अगं, पण वचन दिलंय—"

तेवढ्यात बोगदा आला आणि गेला. थोरलीने एकदा आमच्याकडे पाहिले आणि बाहेर पाहू लागली.

नेरळला तो डोळे चोळत उठला. "बोगदा?"

कोणी बोलेना. एकदा वाटले, 'या खेपेला नव्हता' म्हणावे. मग म्हणालो, "येऊन गेला रे. तू झोपला होतास. मी उठवलं नाही."

त्याने थोडा वेळ विचार केला. "मला माहितीये," तो म्हणाला. "एकदम अंधार झाला होता ना, तोच."

परतीच्या लोकलला ही गर्दी होती. सौ.ला आणि मुलांना कशीबशी जागा मिळाली. मी दाराशी उभा राहिलो, पिशवी पोटाशी धरून.