युद्धकाळीं पदत्याग

युद्ध पेटलें म्हणजे ज्यानें त्यानें आपापली जागा धरून राहावें, असा लोकमताचा दंडक आहे. अशा वेळीं वर्षानुवर्षें भूषविलेलें पद जो सोडतो, त्यास लोक सहजच पळपुटा ठरवितात. हा न्याय नेहमींच बरोबर असतो काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा. कारण लहानशा रूपानें कां होईना, हें धर्मसंकट प्रत्येकावर केव्हां ना केव्हां येतेंच.

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यांतील इंग्लंडचें मंत्रिमंडळ पाहा. जर्मन सैन्य बेल्जममध्यें शिरलें आणि ४ ऑगस्ट रोजीं इंग्लंड युद्धांत उतरलें. बेल्जमचें तटस्थत्व राखण्याचें वचन १८३९ च्या तहानें दिलेलें होतें व तें पाळणें प्राप्त आहे, असें बहुतेक मंत्र्यांस वाटलें. परंतु दोघांचें मन या युद्धास संमति देईना. एक लॉर्ड मोर्ले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळें व नामदार गोखल्यांशीं झालेल्या वाटाघाटींमुळें हें नांव आपल्याकडेहि परिचित आहे. दुसरे जॉन बर्न्स, १८८९ च्या गोदी-कामगारांच्या संपाचे एक पुढारी व मजूरवर्गांतून मंत्रिपदास चढलेले गृहस्थ. दोघेहि १९०५ पासून मंत्रिमंडळांत होते. दोघांनींहि राजीनामे दिले. पंचाहत्तर वर्षांच्या मोर्ल्यांनीं आपली बाजू लिहून ठेविली खरी, पण तें टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्यें, प्रसिद्ध झालें. सरकारास अडचणींत आणण्याकरितां त्यांनीं आपल्या राजीनाम्याचें शस्त्र केलें नाहीं.

त्याच दिवसांत सर जॉन सायमन यांनींहि राजीनामा देऊं केला. पण पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या आग्रहावरून तो परत घेतला. पुढें १९१६ च्या आरंभीं, सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा त्यांस पटेना, तेव्हां मात्र त्यांनीं गृहमंत्रिपद सोडलें. आणि मग काय केलें? १९१७ मध्यें ते वैमानिक दलांत अधिकारी म्हणून रुजू झाले! याच सायमनांचें १९२८ सालीं मुंबईस काळ्या निशाणांनीं स्वागत झालें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचें राजकारण आपणांस न पटो. पण पद सोडणें आणि कर्तव्य सोडणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढें त्यांच्या वर्तनावरून शिकण्यास हरकत नाहीं.

व्यक्तीपेक्षां संस्थेचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं लोकप्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत ओढला. त्याच्या निषेधार्थ आठ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. मुंबई प्रांतांतील बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ त्यांपैकींच एक. निषेध न्याय्य होता, याविषयीं दुमत होऊं नये. परंतु रिकामी झालेली खुर्ची रिकामी राहत नाहीं. १९४६ पर्यंत मुंबईचा कारभार गव्हर्नरांच्याच हातीं राहिला. एकटा मनुष्य पद सोडतो, तेव्हां बहुतेक झीज त्याची त्यालाच लागते. संस्था जागा सोडते, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्या सामान्य जनांसहि ती सोसावी लागते. म्हणून संस्थेनें पाऊल उचलण्यापूर्वीं दुप्पट विचार करावा, असें आमचें नम्र मत आहे.

तर मग पदत्यागाची कसोटी कोणती? आमच्या मतें ती तिहेरी आहे. कारण तत्त्वाचें असावें, रुसव्याचें नसावें. हानि प्रथम आपण सोसावी, दुसऱ्यावर लोटूं नये. आणि पद सोडल्यावर सेवेचा दुसरा मार्ग शोधावा. सामना हरतांना दिसतांच खेळ सोडणारा संघनायक यांपैकीं एकाहि कसोटीस उतरत नाहीं. खोटी गुणसंख्या लिहिण्याचें नाकारून बाजूस होणारा, पण दुसऱ्या दिवशीं मैदान आंखावयास सर्वांआधीं हजर राहणारा मुलगा तिन्ही कसोट्यांस उतरतो. विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुम्हांस मोठीं पदें मिळोत, हीच आमची इच्छा. परंतु पद मिळतें त्याच दिवशीं, तें कोणत्या गोष्टीसाठीं सोडावें लागेल, हेंहि मनाशीं ठरवून ठेवा.