तंजावूरची नाणी : नावाइतकेच ठिकाण महत्त्वाचे

व्यंकोजीराजे भोसले यांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले तंजावूरचे मराठी राज्य १८५५ नंतर खालसा झाले. या राज्याची नाणी ओळखताना केवळ राजाच्या नावावर विसंबता येत नाही. भोसले घराण्यात शहाजी, शिवाजी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. तंजावूरचे अखेरचे राजेही शिवाजीच होते. शिवाय ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली शिवराई महाराष्ट्रात शिवकालानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती.

त्यामुळे धातू, वजन, अक्षरवळण आणि सापडल्याचे ठिकाण यांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. तंजावूरच्या व्यवहारात चक्रम प्रचलित होते. कारैकलचा फ्रेंचांशी झालेला सौदाही चक्रमांतच ठरला. अशा व्यवहारांच्या अभ्यासासाठी राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोडी कागदपत्रांचा संग्रह मोलाचा आहे.

जमिनीत दहा रुपयांहून अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तथापि, नाणे परस्पर विकले गेल्यास त्याचे ठिकाण कायमचे अज्ञात राहते. पुढे ते एखाद्या संग्रहात पोहोचले, तरी ते कोणत्या शिवाजीचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहण्याची शक्यता असते.